दोन बार्बारा

"आई, बूट काढायचे नसतात इथं!"

मी हे म्हणेपर्यंत तिचा एक बूट काढून झाला होता. मीच घेऊन दिलेला, जांभळ्या पट्ट्यांचा, नवाकोरा स्पोर्ट्स शूज. काठापदराची साडी, त्यावर माझं जुनं जाकीट आणि डोक्याला आप्पांची माकडटोपी अशा थाटात ती सातशे वर्षांच्या चर्चच्या दारात एका पायावर उभी राहून दुसऱ्या बुटाच्या नाडीशी झटत होती.

"देवाच्या दारात बूट घालून जायचं? तुमच्याकडं जात असतील. मी न्हाई जायची."

"फरशी बर्फासारखी आहे गं."

"मोजे हायत की."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा हिला."

आप्पांनी आईकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं तेही खाली वाकले. आमच्या घरात निर्णय असेच व्हायचे. मी तेवढी बूट घालून आत गेले आणि उगाचच अपराधी वाटत राहिलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी दक्षिण जर्मनीतल्या एका जुन्या गावात मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. कऱ्हाडहून आई-आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडं सहा आठवडे राहायला आले होते. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आई घरी शिवणाचा क्लास चालवायची. मी त्यांची एकुलती एक. तिशी उलटलेली, स्वतःच्या पायावर उभी, आणि खरं सांगायचं तर जरा आगाऊ. आईचं दहावीपर्यंतचं इंग्रजी परदेशात किती टिकणार, या काळजीनं मी तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द झेलायला टपलेली असायचे. दुकानात ती "हाऊ मच" म्हणायच्या आत मी किंमत विचारून मोकळी व्हायचे. शेजारीण तिला काही विचारायची, उत्तर मी द्यायचे. आई माझ्याकडं बघून हसायची, तिला कौतुकच वाटतं असं मी धरून चालले होते.

चर्च आतून प्रचंड होतं. एकेक खांब सरळ वर जाऊन छताजवळ फाटे फुटून पसरलेला. उंच खिडक्यांतल्या लाल-निळ्या काचांतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. आई त्या उन्हावर मोज्यांचा पाय द्यायला तयार होईना, कडेकडेनं चालली. चर्चच्या दोन्ही अंगांना आपल्या देवळात असतात तशा ओवऱ्या होत्या. तिथं त्यांना चॅपल म्हणतात. गावातल्या एकेका मोठ्या घराण्याची एकेक ओवरी, आणि ज्यानं त्यानं आपली ओवरी चित्रांनी आणि लाकडी मूर्तींनी भरून टाकलेली. आई प्रत्येकीपुढं थांबून हात जोडत होती. एका संताच्या पायाशी कुत्रा होता.

"हा दत्तासारखा दिसतोय," ती म्हणाली.

"तो दत्त नाही, आई."

"दत्त हाय कुठं म्हणाले? दत्तासारखा म्हणाले."

तिचे मोजे बघून एक म्हाताऱ्या बाई आमच्याकडं आल्या. छातीवर नावाची पट्टी होती, फ्राऊ, म्हणजे श्रीमती, एंगेलहार्ट. शाळेतून निवृत्त झालेल्या, आता रोज सकाळी येऊन लोकांना चर्च दाखवायच्या, हौस म्हणून. त्या रागावतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "असं पायांत काही न घालता आत येणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. या, तुम्हाला माझी आवडती जागा दाखवते."

ती डावीकडची चौथी ओवरी होती. भिंतीवर लाकडी फळीवरचं एक जुनं चित्र होतं. वर मेरी, मांडीवर बाळ. खाली वीतभर उंचीची माणसं ओळीनं गुडघे टेकून बसली होती. एका बाजूला बाप आणि मुलगे, दुसऱ्या बाजूला आई आणि मुली, उंचीप्रमाणं. प्रत्येकाच्या खाली नाव. हे चित्र ज्यांनी करवून घेतलं तेच हे घराणं, असं फ्राऊ एंगेलहार्टनी सांगितलं. मी मराठीत सांगत गेले.

"आणि डोक्यावर हे लाल काय?" आईनं विचारलं.

काही मुलांच्या डोक्यावर नखाएवढी लाल फुली होती. मी नीट बघितल्यावर दिसली, आईला आधीच दिसली होती.

"चित्र काढलं तेव्हा ही मुलं हयात नव्हती," फ्राऊ एंगेलहार्ट म्हणाल्या. "ज्याच्या डोक्यावर क्रॉस, ते आधीच गेलेलं. ही बघा, ही बार्बारा. आणि तिच्या पलीकडची, तीही बार्बारा. पहिली गेली म्हणून नंतरच्या मुलीला तेच नाव ठेवलं. तेव्हा तशी पद्धत होती."

मी सांगितलं.

"मग गेलेल्या पोरीलाबी ओळीत बसवलंय?"

"हो, असं दिसतंय."

"विचार की त्यांना. मोजलंय का तिला?"

मी विचारलं. फ्राऊ एंगेलहार्टना प्रश्नाचं नवल वाटलं. "मोजणार नाही तर काय? ती झाली होती ना?"

मुलींच्या ओळीच्या अगदी टोकाला, चित्रातल्या आईच्या घोळदार झग्यापाशी, कापडात घट्ट गुंडाळलेलं एक तान्हं बाळ आडवं ठेवलेलं होतं. त्याच्यावरही फुली. त्याच्या खाली मात्र नाव नव्हतं, जागा कोरीच सोडलेली. आईनं तिकडं बोट केलं. बोट जरा जास्तच पुढं गेलं, मी तिचा हात धरला. "हात लावायचा नसतो, आई."

"नाव ठेवायच्या आधीच गेलं असणार," फ्राऊ एंगेलहार्ट म्हणाल्या. मी तेही मराठीत सांगितलं.

"चला आता," आप्पा एकदम म्हणाले. "लई गार हाय आत." आणि आम्ही येतोय की नाही हे न बघता ते दाराकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून आईनं एकच गोष्ट धरली. मी ऑफिसला निघाले की ती पोळ्या उरकायची, आप्पांना घेऊन ट्रामचे तीन थांबे जायची आणि चर्चमध्ये जाऊन बसायची. आप्पा काही केल्या आत पाऊल टाकायचे नाहीत. बाहेर चौकात लिंडेनच्या झाडाखाली एक बाक होता, तिथं कबुतरांना शिळ्या पोळीचे तुकडे टाकत बसायचे. संध्याकाळी मी थट्टा करायचे, "काय शालनबाई, बाप्तिस्मा कधी घेताय?" ती हसण्यावारी न्यायची. फ्राऊ एंगेलहार्टनी तिच्यासाठी घरून लोकरीच्या सपाता आणून ठेवल्याचं तिनं मला सांगितलं. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कसं आणि काय बोलायच्या देव जाणे. एकदा बाई तिच्या कपाळावरच्या कुंकवाबद्दल विचारत होत्या म्हणे. आई अजून मेण लावून त्यावर पिंजर लावायची, रुपयाएवढं कुंकू. तिनं फ्राऊ एंगेलहार्टच्या कपाळालाही लावलं आणि त्या तशाच घरी गेल्या.

"तुमचं काय ते चाललंय चालू दे," मी म्हटलं, "पण एवढा मोठा देश, डोंगर आहेत, तळी आहेत. रोज त्याच चर्चमध्ये काय आहे?"

"बरं वाटतं तिथं."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा."

आप्पा ताटातली भाजी चिवडत म्हणाले, "जाऊ दे गं तिला." आणि मग आईकडं न बघता, "पण उगं कुणाला काय बोलत बसू नको."

आई म्हणाली, "मी कुठं काय बोलते?"

त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली. बॅगा भरायच्या होत्या, वजन करायचं होतं, क्लासच्या मुलींसाठी चॉकलेटं घ्यायची राहिली होती. आणि आईनं सकाळीच सांगितलं, "रेवती, माझं एक काम कर. मला चर्चमध्ये घेऊन चल. त्या बाईंना एक विचारायचंय. माझ्या इंग्लिशमध्ये त्ये बसत न्हाई. तू विचार."

आईनं मला कधी रेवा, रेऊ असलं काही म्हटलं नाही. कायम अख्खं रेवती.

"काय विचारायचंय? मी फोनवर विचारते."

"न्हाई. तिथं जाऊन. तिथंच विचारायचंय."

वैतागून मी गाडी काढली. चर्चजवळ तासाभराचीच पार्किंगची चिठ्ठी मिळाली. आप्पा नेहमीसारखे बाकावर बसले. आई दारात बूट काढून, कोनाड्यात ठेवलेल्या लोकरीच्या सपाता घालून, घरातल्यासारखी आत गेली. फ्राऊ एंगेलहार्ट चौथ्या ओवरीपाशी वाटच बघत होत्या. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले.

नेमका तेव्हाच माझ्या ऑफिसचा फोन आला. मी खांबामागं जाऊन दबक्या आवाजात बोलत राहिले, पण डोळे आईकडंच होते. दोघी चित्रासमोर उभ्या होत्या. फ्राऊ एंगेलहार्टनी आईला काहीतरी विचारलं, चित्रातल्या मुलांकडं हात केला, मग आईकडं. मी फोन संपवून जवळ पोचले तेव्हा त्या त्यांच्या इंग्रजीत पुन्हा विचारत होत्या, "यू? हाऊ मेनी चिल्ड्रन?"

आईनं एकदा त्या चित्राकडं बघितलं. मग उजवा हात वर केला, दोन बोटं दाखवली आणि स्पष्ट म्हणाली, "टू."

"नाही, नाही," मी हसत जर्मनमध्ये म्हटलं, "एकच. मीच. मी एकटीच आहे." आणि आईकडं वळून, "आई, किती मुलं असं विचारतायत त्या. वन."

आई माझ्याकडं बघत राहिली. हात तसाच वर होता. मग तिनं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं आणि त्यातलं एक हळूच मिटून घेतलं.

"हां," ती म्हणाली. "वन."

फ्राऊ एंगेलहार्ट आळीपाळीनं आमच्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "तिचं इंग्रजी असंच आहे."

"बरं, तुला काय विचारायचं होतं?" मी आईला म्हटलं. "पटकन सांग, पार्किंगची वेळ संपत आलीय."

"काय न्हाई."

"अगं, त्याच्यासाठी तर आलो ना इथवर?"

"ऱ्हाऊ दे. इसरले मी."

तिनं फ्राऊ एंगेलहार्टना वाकून नमस्कार केला, त्या दचकून मागं सरकल्या. निघताना दाराजवळ आई म्हणाली, "तू हो पुढं, मी आलेच." तिथं एका उतरत्या मेजावर एक जाडजूड वही होती, दोऱ्याला बांधलेलं पेन होतं. लोक त्यात आपापल्या प्रार्थना लिहून जातात. मी बाहेर आप्पांना उठवलं, गाडीची किल्ली शोधली, तरी ही आलीच नाही. म्हणून मी पुन्हा दारातून डोकावले. आई वहीवर ओणवी झाली होती.

"काय, अभिप्राय लिहितेस? व्हेरी नाइस चर्च?"

"हां. लिवलं आपलं."

"इंग्लिशमध्ये?"

"मराठीत."

"अगं, कोण वाचणार इथं?"

"देवाला कळंल," ती म्हणाली आणि वही मिटली.

मला चार पावलं पुढं जाऊन ती वही उघडायला काहीच हरकत नव्हती. पण पार्किंगची सहा मिनिटं उरली होती आणि मला दंड नको होता. गाडीत बसल्यावर आरशात माझं लक्ष गेलं. "आई, कुंकू फिसकटलंय बघ तुझं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. आप्पांनी एकदा मागं वळून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली.

आठ महिन्यांनी, जूनमध्ये, आई गेली. दुपारी क्लासच्या मुलींना ब्लाउजचा गळा कापायला शिकवत होती, कात्री हातातच राहिली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौदा दिवस राहिले, परत आले, कामाला लागले. चर्चच्या बाजूला मात्र जाववेना. ट्राम तिथं थांबली की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

ऑक्टोबर आला. एका सकाळी काय वाटलं कोण जाणे, त्याच थांब्यावर उतरले. दारात उभी राहिले आणि वाकून बूट काढले. फरशी खरंच बर्फासारखी होती.

फ्राऊ एंगेलहार्टनी मला लांबूनच ओळखलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्या मागं कुणी येतंय का ते बघितलं.

"आई?"

"गेली. जूनमध्ये."

त्यांनी माझे हात धरले, आईचे धरायच्या तसे. मग त्या म्हणाल्या, "थांबा. तुमच्यासाठी एक ठेवलंय मी." आतल्या खोलीतून त्या एक जुनी, भरलेली वही घेऊन आल्या. तिच्यात कागदाची खूण घातलेली होती.

"या वहीतल्या प्रार्थना आम्ही रविवारी मोठ्यानं वाचतो. ही कुणालाच वाचता आली नाही. पाद्रींनी पान उघडून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, ही भारतातल्या एका आईची आहे, आपल्याला नाही कळली तरी चालेल. तुम्ही सांगाल का यात काय आहे?"

आईचं अक्षर होतं. शिवणाच्या वहीत मापं लिहायची तसं, टपोरं आणि एकाखाली एक.

यशवंत रामचंद्र निकम
सौ. शालन यशवंत निकम
मुली
रेवती
रेवती

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की आईनं चुकून माझं नाव दोनदा लिहिलंय. मला तिची चूकच दिसायची, तशी सवयच होती.

मग वरच्या रेवतीच्या डोक्यावर मला फुली दिसली. अक्षरं निळ्या पेनाची होती, फुली मात्र लाल. ती पेनानं काढलेलीच नव्हती. मी बोट लावलं, तर बोटाला किंचित मेणचट लागलं. वही मिटलेली राहून समोरच्या पानावरही तिचा फिकट ठसा उठला होता. ते कुंकू होतं.

"काय लिहिलंय?" फ्राऊ एंगेलहार्टनी विचारलं.

"नावं," मी म्हटलं. मी चौथ्या ओवरीकडं बघितलं. दोघी बार्बारा शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या.

मी बूट हातात घेऊनच बाहेर आले आणि लिंडेनखालच्या बाकावर बसून कऱ्हाडला फोन लावला. तिकडं दुपारचे अडीच वाजले असतील. आप्पांनी उचलला.

"आप्पा, माझ्या आधी कोण होतं?"

मागं कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तेवढ्याच ऐकू येत होत्या.

"कुठनं कळलं तुला?"

"सांगा ना."

"अकरा दिवसांची हुती," आप्पा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बारसं. पाळणा आणून ठेवलेला, घुगऱ्या भिजत घातल्याल्या. रेवती नाव तुझ्या आईनं ठरवलेलं, आत्या कानात सांगणार हुती. सांगायचं ऱ्हायलं. सकाळी उठून बघतो तर थंड पडलेली. मीच नेली कृष्णेच्या काठाला, ह्या दोन हातांवर. तुझी आई म्हणत हुती, मला बी येऊ द्या. बायकांना येऊ देत न्हाईत."

"आणि मला कुणीच का नाही सांगितलं?"

"तीन वर्षांनी तू झालीस. लई अशक्त हुतीस. घरातली जाणती माणसं म्हणाली, गेलेलीला मोजाल तर ही बी ऱ्हायची न्हाई, इथनं पुढं एकच म्हणायचं. तिनं तुला मांडीवर घेऊन देवासमोर शबुद दिला. नाव तेवढं सोडलं न्हाई. माझ्या पोरीचं नाव हाय, म्हणाली, ते हिलाच ठेवायचं. बाकी मग तोंडातनं चकार शब्द न्हाई. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, किती बाळंतपणं, तरी एक. शिरगणतीवाला आला, तरी एक. चौतीस वर्षं. तुझ्यासाठी."

मी रडत होते. चौकातली कबुतरं पायाशी येऊन ताटकळत उभी होती.

"तुझ्याकडं त्या देवळात ते चित्र बघितलं," आप्पा म्हणाले. "आणि मी आत जायचंच सोडलं. तिला म्हणालो, तू बी काय बोलू नको. म्हणायला नको हुतं मी तसं. आता वाटतं, निदान एकदा तरी तिनं तोंडानं म्हणायला पाहिजे हुतं. मला दोन पोरी हायत म्हणून. कुणालाबी. एकदा. म्हणालीच न्हाई बिचारी. तशीच गेली."

तिला फ्राऊ एंगेलहार्टना काय विचारायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. पण हे मला माहीत होतं. आणि हे आप्पांपासून लपवणं मला जमलं नाही.

"म्हणाली होती, आप्पा."

"कधी?"

"इथंच. आत. निघायच्या आदल्या दिवशी. त्या बाईंनी विचारलं, तर दोन म्हणाली. बोटं पण दाखवली."

आप्पांचा श्वास मला फोनमधून ऐकू आला. "म्हणाली व्हय?" ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की मला तिथंच फोन ठेवून द्यावासा वाटला. "दोन म्हणाली? मग? मग काय झालं?"

"मग मी तिला म्हटलं, आई, वन."